सरळ पोहणारे मासे

१२ एप्रिल २०१६

विद्यापीठाचे नळ कोरडे. म्हणून पीएच.डी. करणाऱ्या विदुषी चारुताबाई, म्हणजे मी, आज घरून पाण्याचे दोन कॅन स्कूटीवर लादून प्रयोगशाळेत — माशांसाठी! आमच्या बायपासवर रोज नवी बिल्डिंग उठते आणि पाणी मात्र सगळ्यांना टँकरचं. वॉचमन अप्पारावांनी विचारलं, मासे खायचे आहेत का. नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रसच संपला.

१५ एप्रिल

झेब्राफिश, बोटाच्या पेराएवढे. त्यांना मी मुद्दाम माझ्या थोरल्या बहिणीचा, स्वरदाताईचा आजार देते — शरीराची संरक्षक फौज आपल्याच नसांवर तुटून पडते. मग औषध देऊन बघायचं. मासे तिरके पोहतात, ताईचा पाय ओढतो. आजार आवरून धरायला दिवसाआड इंजेक्शन घेऊन तिच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्यात. घरात मी थोर शास्त्रज्ञ. दिवसभर काचेच्या टाक्या घासते, हे घरी कुणाला सांगत नाही.

१९ एप्रिल

अर्धे मासे मेले. आजार न दिलेलेसुद्धा! टाकीसमोर बसून रडले. मग कळलं, आईनं कॅनमध्ये तुरटी फिरवली होती. "गढूळ पाणी पाजू का त्यांना?" म्हणाली. टँकर आला की घरोघर तुरटी फिरते. तिला आधी सांगायचं एवढ्या शिकलेल्या बाईला सुचलं नाही.

२८ मे

नवी तुकडी. औषध दिलेले मासे सरळ पोहले!! घरी येऊन अक्षरशः नाचले. आईनं पेढे वाटले. शेजारच्या अनवरीखालांनी खुलताबादच्या दर्ग्यात दुआ मागितली होती, त्यामुळं श्रेय त्यांना. ताईनं मला जवळ ओढून कितीतरी वेळ सोडलंच नाही. हे औषध माणसांपर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागतील, तीही पोचलं तर — सांगणार होते. पण तोंडात पेढा होता, आणि कौतुक ऐकायला बरं वाटत होतं.

२९ मे

सरांनी विचारलं, किती मासे सुधारले? सात. सात माशांवर पेढे!

२१ जून

ताईला सकाळपासून डाव्या डोळ्यानं दिसत नाही. मासे सुधारल्याचं ऐकल्यापासून तिनं एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. डॉक्टरांसमोर मला म्हणाली, "आता तुझंच औषध येणार होतं ना, चारू?"