डोक्याचं माप

५ फेब्रु. २००१
नववी ब. उत्क्रांती. सुरुवातीच्या आदिमानवाचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम एक तृतीयांश, मग लाखो वर्षांत वाढत गेला. वर्ग पेंगत होता. शिंप्याची टेप काढली, सगळ्यांची डोकी मोजली, आकडे फळ्यावर. सर्वांत लहान डोकं सुनंदाचं. मागून कुणीतरी 'आदिमानव' म्हणालं. वर्ग हसला. तास रंगला.

१२ फेब्रु.
सुनंदा गुरुवारपासून नाही. तिच्या बाकावरची रेश्मा म्हणाली, तिला सगळे आदिमानव म्हणतात. एस.टी.तसुद्धा.
मला वाटलं होतं, विसरतील.

१४ फेब्रु.
कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं. नंतरच्या निअँडरथल आदिमानवाचा मेंदू आपल्याएवढा, काहींचा तर मोठाच. आणि आज वर्गात बसलेल्यांत डोक्याच्या मापावरून कोण हुशार ते ठरत नाही. खाली पेन्सिलीची रेघ, माझीच. म्हणजे माहीत होतं. तासाच्या भरात...

१७ फेब्रु.
अर्धी शाळा. तिच्या वाडीवर गेले. चढ फार. आई शेताच्या भाजावळीसाठी पातेरा, वाळका पाला, गोळा करून नुकती आलेली. म्हणाली, "बाई, ती म्हंते, डोकाच ल्हान हाय, तर शिकून काय करू."
वडील मुंबईला. शिमग्याला येतील, जाताना तिला नेतील. आत्याकडे, घरकामाला.
सुनंदाने कोरा चहा दिला. मी निअँडरथलचं सगळं सांगितलं, चित्र काढून. नीट ऐकलंन. मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीपण हसलात."
हो. हसले होते. ५ तारखेला इथे ते लिहिलं नाही.

२० फेब्रु.
नववी ब. उभं राहून सांगितलं की मापं घेणं चूक, हसणं त्याहून चूक, आणि पहिली चूक माझी. कुणी मान वर केली नाही. ज्याने 'आदिमानव' म्हटलं तो कोण, विचारलं नाही. कुठल्या तोंडाने?
मुख्याध्यापकांनी बोलावलं. मुलांपुढे माफी मागितली की बाईंचा वचक राहत नाही म्हणे. ऐकून घेतलं.
घरी हे सगळं सांगायचं होतं. ह्यांना सांगवलं नाही.

२३ फेब्रु.
हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळते. रेश्माबरोबर माझ्या टिपणांची वही पाठवली. उत्तर नाही. का असावं?

२६ फेब्रु.
शिमग्याला दहा-अकरा दिवस. सुनंदाच्या वडिलांचं एस.टी.चं तिकीट झालं म्हणे.
मधल्या सुट्टीत रेश्मा टीचर्स रूमच्या दारात. सुनंदाने विचारलंय, उत्क्रांतीचा धडा वार्षिकला आहे का?
म्हटलं, आहे. दहा मार्कांना.
रेश्मा तेवढं घेऊन गेली.