भाऊ येईपर्यंतचे कपडे

आई, गेल्या रविवारी तुझ्या नातीने तुझा फोटो मोठा करून तिच्या सोनिवलीच्या नव्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर लावला. बदलापूरच्या आपल्या घराच्या पायरीवर तू बसली आहेस आणि तुझ्या मांडीवर ती, चार वर्षांची. खाकी अर्धी चड्डी, चौकड्यांचा सदरा, तेल लावून डावीकडून पाडलेला भांग. वास्तुशांतीला आलेल्या मैत्रिणींना ती एकेक करून फोटोपुढे नेत होती. "ही माझी आजी. शहाऐंशी सालात मला शर्ट-पँट घालायची, विचार करा! फ्रिल नाही, गुलाबी नाही, काही नाही." मैत्रिणी म्हणाल्या, काय फॉरवर्ड आजी गं तुझी. एकीने तर फोटोला हात जोडले. माझ्या हातात पन्ह्याचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत बसले. लेक मागून आली. "आई, आजी किती पुढची होती! तू कधी सांगितलंच नाहीस. तू तिच्याबद्दल चांगलं असं बोलतच नाहीस कधी." मी म्हणाले, "कुकर उतरव आधी."

तू जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझा राग कमी व्हायला हवा होता, असं लोक म्हणतील. झाला नाही. उलट त्या दिवशी तुझ्या फोटोपुढे जोडलेले हात बघून तो असा उसळला की घरी आल्यावर मी पहिल्यांदा वही काढली. तू पुढची नव्हतीस, आई. तू माझ्या लेकीला पँट घातलीस ती तिला मोकळं पळता यावं म्हणून नव्हे. तिच्या पाठीवर मुलगा यावा म्हणून घातलीस. गळाला गांडूळ लावतात तशी तू तिला लावलीस, आणि आज तिच्याच घरात तुझा सत्कार चालला आहे.

ते दिवस मला जसेच्या तसे आठवतात. बाबा गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस, आणि खरं सांगायचं तर तू आलीस म्हणून माझी नोकरी टिकली. अंबरनाथच्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी एकटी बाई. सकाळी साडेसातला घर सोडायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. मधले दहा तास पोर तुझ्या ताब्यात. तू तिला वेळेवर जेवू घालत होतीस, पाढे शिकवत होतीस, एकदा गोवर निघाला तेव्हा तीन रात्री मांडीवर घेऊन बसलीस. हे सगळं मला मान्य आहे. मग मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तुझं वागणं बदललं. घरात मुलगी एकच होती, पण तिचे दोन दिवस झाले. मी घरात असतानाचा एक आणि मी नसतानाचा एक.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला कंपनीतली वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, दुरुस्तीला दिवस लागणार होता, म्हणून सगळ्यांना सोडून दिलं. मी एक वाजता आपल्या गल्लीत शिरते आहे. ऊन मी म्हणतंय. कोपऱ्यावर बारवीकडच्या पाड्यावरून रानभाजी घेऊन येणारी म्हातारी टोपली आवरते आहे. ती मला बघून म्हणते, "बाई, आज लवकर सुटली? तुमचा पोरगा लय गोड हाय हां. मना बोलतो, मावशे, चिंचा दे. दिल्या मी दोन बोटकं." माझ्यापुढे शेजारच्या जोशीण… नको, नाव कशाला, शेजारीणबाई उभ्या आहेत, पिशवीत भाजी घेत. त्या माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि तेवढ्यात आपल्या पायरीवरून तुझी हाक येते, "ए बाळ्या, चल रे, वरण-भात थंड होतोय!" आणि खाकी चड्डीतला, चिंचेचं बोटूक चोखणारा तो बाळ्या माझ्याकडे बघतो, आणि माझी मुलगी होते.

तिने काय केलं आठवतं तुला? ती मला येऊन बिलगली नाही. ती घाबरून आत पळाली आणि खुंटीवरचा फ्रॉक ओढायला लागली. हात पोचेना म्हणून रडायला लागली. "आजी, आई आली, आई आली, फ्रॉक दे!" चोरी पकडली गेल्यासारखी. चार वर्षांची पोर, आई.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? चड्डी आहे. उन्हातान्हात खेळते, पाय खरचटतात."

"अर्ध्या चड्डीने पाय झाकतात?"

तू ताटात वरण वाढत राहिलीस. मग म्हणालीस, "ओरडू नकोस. पोटुशी आहेस. माझ्या आईने तुझ्या मावशीला दोन वर्षं सदरा-चड्डी घातली, तेव्हा कुठे तुझा मामा आला. सगळ्यांनी केलंय. कुणाच्या पोरीला भोकं पडली नाहीत."

"मी केमिस्ट्री शिकलेय आई. असल्या गोष्टींनी काही होत नाही."

"मग तुझ्या केमिस्ट्रीला विचार ना पोटात काय आहे ते. सांगते का? नाही ना? मग गप जेव."

मी जेवले नाही. मी ती चड्डी पोरीच्या अंगावरून काढली आणि न्हाणीतल्या बंबात कोंबली. सदरासुद्धा. धूर झाला, शेजारीणबाई विचारायला आल्या, तू त्यांना म्हणालीस, "काही नाही हो, हिला दिवस गेलेत ना, डोकं फिरलंय." तुझा हा टोमणा मी अजून विसरलेले नाही. संध्याकाळी पोर मला हळूच म्हणाली, "आई, तू आलीस की मी मुलगी. आणि बाळ आलं की मी नेहमीच मुलगी, हो ना?" तू तिला सगळं नीट समजावलं होतंस. मास्तरीण झाली असतीस तर चांगली झाली असतीस.

दुसऱ्या दिवसापासून दुसरी चड्डी निघाली. तुझ्याकडे तीन होत्या. मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "अगं, म्हातारं माणूस आहे, तिचं समाधान. पोरगी काय झिजते?" बाळंतपणाच्या रजेपर्यंत मी दर सकाळी तिला फ्रॉक घालून निघत होते आणि तो फ्रॉक कोपऱ्यावर मी दिसेनाशी होईपर्यंतच तिच्या अंगावर राहत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोकरी सोडणं हा एक उपाय होता. तो मी केला नाही. त्याचीही तुला कल्पना होती.

आणि मुलगा झाला. इथेच माझं नशीब फुटलं, कारण मुलगी झाली असती तर तुझं तोंड बंद झालं असतं. तू गल्लीभर पेढे वाटलेस. "माझ्या नातीने भाऊ ओढून आणला," म्हणालीस. बारशाच्या सकाळी तू तिला जाळीचा, टोचणारा, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलास आणि दोन्ही चड्ड्या धुऊन, घडी करून धाकट्यासाठी ट्रंकेत ठेवून दिल्यास. तिला तो फ्रॉक नको होता. तिला तिची चड्डी हवी होती. चार-पाच महिने तिने त्या चड्डीत भिंतीवर चढून, लगोऱ्या फोडून, खिशात चिंचोके भरून काढले होते. ती ट्रंकेवर बसून राहिली, उठेना. तू तिला दंडाला धरून उठवलंस आणि म्हणालीस, "पुरे आता. झालं तुझं काम. पोरीसारखी बस." घर बायकांनी भरलं होतं. सगळ्या हसल्या. मी पाळण्याच्या दोरीपाशी बसले होते, पोटाला पट्टा बांधून. ती माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, "आई, माझं काम झालं, मग आता मी काय करू?"

तुझं सगळं माफ करीन, हे नाही. सदरा-चड्डी जुनी रीत होती, तू एकटीने काढलेली नव्हती, समजू शकते. पण चार वर्षांच्या मुलीला तिचं काम झालं म्हणून सांगायचं? तू देवाला तिचं मुलगीपण लाच म्हणून दिलंस आणि मोबदला मिळाल्यावर तिला कोपऱ्यात बसवलंस.

तुझा विनोद तर पुढेच आहे. शहाण्णव साली, ती चौदाची असताना, मैत्रिणींबरोबर उल्हासनगरला जाऊन तिने जीन्स आणली. तेव्हा बदलापुरात मुली जीन्स घालायला नुकत्याच लागल्या होत्या. तू दारात आडवी उभी राहिलीस. "पोरीच्या जातीने पँट घालून बाजारातून फिरायचं? लोक काय म्हणतील?" ती हसली. "आजी, मी लहानपणी पँटच घालायचे. फोटो आहे अल्बममध्ये." तू म्हणालीस, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." ती म्हणाली, "काय वेगळी?" तू माझ्याकडे बघितलंस. मी पोळ्या लाटत होते. मी लाटत राहिले. ती जीन्स घालून गेली, आणि तू त्या दिवशी माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ बोललीस, चहा करून दिलास. दोन वर्षांनी तू गेलीस. ती "वेगळी गोष्ट" तिला कुणीच सांगितली नाही.

आता तिची मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या घरी सकाळी पोरीपुढे कपाट उघडून विचारतात, "आज काय घालायचं बाळा?" वीस मिनिटं. परवा ती फ्रॉकवर पायजमा आणि पायात गमबूट घालून लग्नाला आली. मला हे अतिच वाटतं. पोराला थंडी वाजते का, चालता येतं का, एवढं बघावं आणि घालावं. पण कुणी तिला कपडे घालताना तिच्या पलीकडे, तिच्या मागून येणाऱ्या कुणाकडे बघत नाही. ती जी आहे तिलाच घालतात. तुझ्या-माझ्या घरात हे झालं नाही.

हे पत्र मी तुला लिहितेय, पण ठरवलं होतं की पुरं झालं की लेकीला वाचायला द्यायचं. तिने तो फोटो उतरवावा, निदान खरं कळून ठेवावा. मनात म्हणत होते की तिला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. इथवर लिहून झालं आणि लक्षात आलं की द्यायचं तर एक गोष्ट यातून गाळावी लागेल, आणि ती गाळली तर हे पत्र खोटं होतं. म्हणून ते वहीतच राहील.

ती वीज जायच्या पंधरा दिवस आधी मी कामावरून सुटल्यावर उलट्या दिशेने उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, अस्तराचं कापड घ्यायला गेले होते. ओळखीचा सिंधी दुकानदार, गल्ल्यावरून म्हणाला, "मॅडम, माताजी छोटे बाबा के लिए तीन चड्डी ले गयी थी. साइज बराबर आया ना?" आमच्या घरात छोटा बाबा नव्हता. मी तोंड उघडलं. मला पाचवा महिना होता. मी म्हणाले, "हां, बराबर आया." अस्तर घेतलं, घरी आले, तू दार उघडलंस, पोर फ्रॉकमध्ये होती, मी तिला काय जेवलीस ते विचारलं. त्यानंतरचे पंधरा दिवस मी रोज बरोबर साडेपाचला आले, एकदाही पाच मिनिटं आधी नाही. त्या दुपारी वीज गेली नसती आणि शेजारीणबाई कोपऱ्यावर उभ्या नसत्या, तर मी आणखी किती दिवस अशी वेळेवर आले असते, ते मला सांगता येत नाही.