पाणी उतरलं तो आठवडा

सोमवार, ९
नदीतल्या मोजपट्टीवर दोन फूट सात इंच. काल चार फूट होतं! वर डोंगरात तीन दिवस पाऊस, आणि नदीचं पाणी कमी? पुन्हा जाऊन पाहिलं. तेवढंच. ऑफिसला फोन केला. साहेब म्हणतात — "बरंच झालं की! पुराची भीती गेली."
पंधरा वर्षं हे पाणी मोजतोय मी. वर कुठेतरी दरड कोसळून अडलंय. अडलेलं पाणी गप्प बसून राहत नाही.

मंगळवार, १०
एक फूट दहा. यात्रेकरू खूश. पात्रात उतरून दगडांवर बसतात, फोटो काढतात. घसा बसेपर्यंत ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी! दादाला म्हटलं, तू पुजारी, तुझं ऐकतील, देऊळ बंद कर. "माझ्या देवळात अफवा नकोत. आधी जेव, मग बोल."
जेवलो नाही. सख्खा भाऊ असून!

बुधवार, ११
चार इंच. पहाटे दादा आपणहून पट्टीपाशी आला. डबक्यात मासे तडफडत होते. बराच वेळ बघत राहिला. मग गाभाऱ्यात जाऊन मूर्ती शालीत गुंडाळली, छातीशी धरली, काखेत गाभाऱ्याचा झाडू — त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाही — आणि डोंगरावरच्या धर्मशाळेची वाट धरली. "देवाला वर जायचंय," एवढंच म्हणाला.
काल मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. देवामागे सगळे निघाले — दुकानदार, म्हाताऱ्या, ओलेत्यानं पुरुष. आणि दादा, ज्यानं जन्मात थाप मारली नाही!

गुरुवार, १२
पाणी आलं नाही.

शुक्रवार, १३
नाहीच. विश्वस्त वर येऊन दादावर तुटून पडले. "कुणाला विचारून देव हलवलात?" दादानं माझं नाव घेतलं नाही. मान खाली घालून उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो असेन का मी?
मनात म्हटलं — देवा, येऊ दे एकदाचं पाणी. पूर मागतोय मी! लिहायला लाज वाटते.

शनिवार, १४
ठरलं. उद्या सकाळी देव खाली. दादाला म्हटलं, दोन दिवस थांब, पाया पडतो. "विश्वस्तांपुढे माझं काय चालतंय? पण गाभाऱ्यात धूळ बसली असेल रे. तशात देव कसा ठेवायचा?"
मी तुला खाली जाऊ देणार नाही, म्हटलं. हसला. मी दारातच अंथरूण टाकलंय. चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

रविवार, १५
पहाटे आवाजानंच जाग आली. पाणी आलं. देऊळ गेलं, पट्टी गेली. देव वर, माणसं वर, सगळी सुखरूप.
दादाच्या अंथरुणाची नीट घडी घातलेली. कोपऱ्यात झाडू नाही.