दोन पोती माती

१२ जून

चि. सौ. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या परसातल्या मातीची दोन पोती पोचली. ट्रकभाडे ऐंशी, हमाली वीस. एक पोते वाटेत उसवले होते, तेही झाडून भरून घेतले. तुझा टोपलीभर पालक पाहिल्यापासून आमच्या घरात तुझ्या नावाची आरती चालू आहे. वडीलही म्हणायचे, धाकटीच्या हाताला गुण आहे. मी म्हणते, गुण हाताला नाही, मातीला आहे. आता बघच! सूनबाईला चौथा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी रोज पालेभाजी सांगितली आहे. ती तुझ्या टोपलीची वाट बघणार नाही, माझ्या वाफ्यातली खाईल. देव माझ्याही पदरात काही टाकीलच की. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी ताई

२० ऑगस्ट

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा पालक माझ्या पालकापेक्षा रुंद पानाचा आला, हे तू पत्रामागून पत्र लिहून कळवलेस. पोचले हो! पण ताई, तो आता उपटून टाक. माझ्या पोटात कळा येतात, हातपाय गळून जातात, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासले. त्यात शिसे निघाले. घराच्या जागी आधी काय होते, असे त्यांनी विचारले. शेजारच्या आजोबांना ठाऊक होते: जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवायची शेड. ते मातीत मुरले, तिथून भाजीत आणि धुळीबरोबर घरात आले. सूनबाईला एक पानही देऊ नकोस. तुझ्या पाया पडते, माझे ऐक.

तुझी धाकटी

२९ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

तुझे पत्र वाचून आधी वाटले, माझा वाफा हिच्या डोळ्यांत खुपला. तुझ्याकडे होते तोवर सोने, माझ्याकडे पिकले की विष! पत्र फडताळात टाकले आणि हट्टाने आणखी जुड्या कापल्या. सूनबाई नको नको म्हणत असताना तिला त्यांची भाजी वाढली. काल फडताळ आवरताना पत्र तिच्याच हाती लागले. जेवणाच्या वेळी ती ताट सारून, पोटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

वाफा उकरून माती पोत्यांत बांधली. पोटात गेलेले कशाने उकरू? जन्मभर तुझा हेवा केला, आजही करते. तुझे दुखणे निदान तुझ्या एकटीच्या अंगावर आहे.

रक्त कुठे तपासलेस आणि हे बाळापर्यंत पोचते का, डॉक्टरांना विचारून उलट टपाली कळव. ताईवरचा लोभ उरला असेल, तर आजच.

ताई