आज टोपलीत काय?

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, असं माझी मुलगी म्हणते. न शोभू दे. जुन्या पनवेलमध्ये कुणी भेटलं की तुमचा विषय निघतोच. काय दिलदार माणूस, काय गमत्या माणूस! मी मान हलवते आणि घरी येऊन भांडी आपटते. निदान एका माणसाने तरी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मॅट्रिकच्या वर्षी फादरांच्या त्या शाळेत कोळीवाड्यातली मी एकटीच मुलगी होते. संमेलनाचं नाटक तुम्हीच लिहिलं होतं आणि त्यातली महाराणी डॉक्टरांची मुलगी होणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तुम्ही एकेकीला वर्गाच्या टोकाला उभं करून बोलायला लावलंत. माझी पाळी आली तेव्हा हातातला खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "हा आवाज कुठून आणलास गं?" आवाज आईचा होता. ती बंदरावरून हाक मारायची तेव्हा खाडीत पुढे गेलेली होडी वळून यायची. माझ्या तोंडून 'नाय' निघालं आणि वर्ग हसला, की तुम्ही वर्गावर डोळे वटारायचात. तालमीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचात, "पुढच्या पाहुण्यांसाठी बोलू नकोस. शेवटच्या बाकावर तुझं माणूस बसलंय, त्याला ऐकू गेलं पाहिजे." मी तुम्हाला देव मानत होते. आता हे लिहितानाही माझे कान तापतात.

नाटकाच्या संध्याकाळी आई आलीच नाही. मासळी आणायला करंजा बंदरावर गेली होती आणि भरती मिळेना म्हणून होडी तिकडेच अडकली. टाळ्या पडल्या, फादरांनी पाठ थोपटली, आणि मी मुकुट घातलेल्या अवस्थेतच पडद्यामागे रडले. तुम्हीच जवळ आलात. म्हणालात, उद्या निरोपाचा कार्यक्रम आहे, आईला घेऊन ये, राणीचं शेवटचं भाषण तिच्यासमोर पुन्हा म्हण, मी स्वतः तुला बोलावतो. आईला हे सांगितलं तर तिने पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, नाकात नथ घातली, केसांत अबोलीचा वळेसर माळला.

आणि ती सभागृहात येते. पुढे खुर्च्या मोकळ्या आहेत, तरी शेवटच्या बाकावर जाऊन बसते. आधी शेलापागोटे आहेत. मुलांनी नाव न घालता एकमेकांची थट्टा लिहून चिठ्ठ्या पेटीत टाकल्या आहेत आणि तुम्ही त्या वाचून दाखवताय. प्रत्येक चिठ्ठी आधी मनात वाचता. डॉक्टरांच्या मुलीवरची वाचता, "ही नको," म्हणता आणि खिशात घालता. हे मी पाहिलंय, सर. म्हणजे निवडणं तुमच्या हातात होतं. मग माझ्यावरची चिठ्ठी उघडता, हसता, आणि घसा खाकरून वाचता, "महाराणी, आज टोपलीत काय?"

तेही कुठल्या आवाजात? शुक्रवारी तुम्हा ख्रिस्ती लोकांकडे मटण चालायचं नाही, म्हणून दर शुक्रवारी आई तुमच्या दारात मासळीची टोपली उतरवायची आणि तुम्ही ओट्यावरून तिला हेच विचारायचात. अगदी त्याच सुरात. आईला वाटलं, मास्तर आपल्यालाच विचारताहेत. ती उभी राहिली. तिथून, शेवटच्या बाकावरून, खणखणीत आवाजात म्हणाली, "ओले बोंबील व्हते, मास्तर! पन आज टोपली नाय आनली. आज आमी पोरीचं ऐकाया आलोय."

सभागृह हसून कोसळलं. बाकं बडवली गेली. फादरसुद्धा हसले, पण त्यांचं मला काही नाही. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. एक शब्द पुरला असता, सर. "बसा बाई, आता तुमची मुलगी बोलेल," एवढंच म्हणायचं होतं. ते तुम्ही म्हणालात, पण सगळं हसून संपल्यावर, उरलेलं हसू ओठांवर ठेवून. मी उठले नाही. तुम्ही दोनदा हाक मारलीत. मी बाक घट्ट धरून बसून राहिले आणि तुम्ही पुढची चिठ्ठी काढलीत.

घरी जाताना आईने विचारलं, "मास्तरांनी इचारलं, मी सांगितलं. त्यात हसाया काय जालं?" हसलात तुम्ही, आणि ते समजावून सांगायचं काम माझ्यावर टाकलंत! मी म्हटलं, "काय नाय." ती म्हणाली, "मग तू बोलली का नाय? मी ऐकाया आलती ना." पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा तुमच्या दारात गेली. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, आणि तिने तुम्हाला बोंबील मूठभर जास्त घातले, पोरीला शिकवलं म्हणून. ते तुम्ही खाल्लेत. ते भाषण आईने कधीच ऐकलं नाही. घरात म्हणून दाखवायला पुढे सारं आयुष्य होतं. पण म्हणायला लागले की तुमचं ते डोळे पुसणं आठवायचं आणि माझा आवाज बसायचा.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या घराच्या जागी आता इमारत उभी आहे. पण एक गोष्ट लिहून टाकते, कारण तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे. परवा नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्यावरून भांडण पेटलं आणि नेमका माईक बंद पडला. मी उभी राहिले आणि बोलले. मागच्या खुर्चीवरची, कानाने कमी ऐकणारी बाई वळून बघायला लागली, सगळे गप्प झाले. त्या क्षणी आधी मला तुमची आठवण आली, सर. आईची नंतर आली.