ड्रायव्हर मीच बदलला होता

वहिनी,

नेट आलंय. कॉम्प्युटर सुरूच ठेवलाय, बंद करू नका. आज दुपारी तीन वाजता तुमची मुलाखत पुन्हा घेणार आहेत. मुलाखत घेणाऱ्या बाईंना मी काल संध्याकाळीच फोन करून सांगितलं, की तुमची काही चूक नव्हती.

खरंच नव्हती. नेटची केबल जिथे लागते ते कार्ड चालवायला कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. परवा मी चांगला चाललेला ड्रायव्हर काढून नवा टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच नसती हौस. तो आपल्या कार्डाला धड जुळत नव्हता आणि काल ऐन मुलाखतीत त्याने मान टाकली.

हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी आईसमोर मी म्हणालो, "वहिनींनी नको ते बटण दाबलं असेल." तुम्हीही म्हणालात, "हो, माझाच हात लागला असेल." मग आई दिवसभर तुम्हाला बोलत राहिली आणि मी मुकाट्याने जेवून उठलो.

आता जुना ड्रायव्हर परत टाकलाय. तासभर बघितलं, एकदाही नेट तुटलं नाही.

तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही, म्हणून तुम्ही उठायच्या आत कामाला निघतोय. इथवर लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "हे काल का नाही बोललास?"



धाकटा