बंद काचांच्या आतला वास

गोस्लार,
जानेवारीतला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप विल्ट्रुडताईस, धाकट्या एकहार्टचा साष्टांग नमस्कार. तिथलं गरम पाणी तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल. इथे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. (सर्वांत गाडी धरलेली नाही.)

किल्ली देताना तू बजावलं होतंस, "काचा खाली करू नकोस, आत अजून गेरोल्डचा वास आहे." ते मी वेदवाक्यासारखं पाळलं. इंधनाविषयी मात्र तू काही बोलली नव्हतीस. आणि जिथे श्रुती गप्प असते तिथे माणूस स्मृतीकडे वळतो. माझी स्मृती म्हणजे शेजारच्या इम्केबाई. यंदाही अग्निशमन दलाने गावातली ख्रिसमसची झाडं गोळा करून मैदानावर जाळली, बाईंनी नेहमीप्रमाणे बटाटे तळले, आणि उरलेलं तेल माझ्या हातात ठेवलं. "न्या हो पंडित, जुनं डिझेल इंजिन काहीही पितं. वर मीठ हवं का तिला?" मी ते गाळून विधिपूर्वक टाकीत अर्पण केलं.

आधी गाडी सुरेख चालली. (मागे दरवळ असा, की कुत्री स्टेशनपर्यंत पोचवायला येत.) मग कडाक्याची थंडी पडली आणि टाकीतल्या तेलाचं तूप झालं. मी किल्ली फिरवली, आणि श्रद्धेने फिरवतच राहिलो. ते घट्ट तेल ओढता ओढता पंप मोडला; जे इंजिनात पोचलं होतं ते धड जळलं नव्हतं, ते खाली वंगणात उतरून त्याची खीर झाली होती. गॅरेजवाल्या हेनिंगने झाकण उघडून विचारलं, "मास्तर, इंजिन आणलंत की पातेलं?"

एप्रिलमध्ये गाडीला तीस वर्षं होतील. तीस वर्षं झालेल्या गाड्यांना मिळते ती मानाची नंबरपाटी तिला मिळावी म्हणून गेरोल्डभाऊजींनी अखेरपर्यंत तिला किती जपलं, ते मी पाहिलं आहे. दुसरा पंप बसेल, इंजिन वाचेल, असं हेनिंग म्हणतो. रागावू नकोस.

तुझा,
एकहार्ट

ता. क. डिकीत जादा चाकाखाली एक नरसाळं सापडलं, आणि तुझा तपकिरी लांब मोजा, जो इम्केबाईंच्या कुत्र्याने पळवला असं तू आजवर म्हणत आलीस. मोजा तेलकट आहे. भाऊजीही तळणीचं तेल त्यातून गाळून टाकीत ओतत होते, ताई. फक्त उन्हाळ्यात, आणि थोडं थोडं. अक्कल त्यांना होती.

आणखी एक. इंजिन टिकायचं तर टाकी आणि नळ्या पार धुवाव्या लागतील. तू जपलेला वास तिथूनच येतो. हेनिंगला मी थांबवलं आहे. धुवू का, ते कळव. काचा अजून बंदच आहेत.